आजोबांची १९५९ची डुक्कर फियाट बऱ्याच वर्षांनी चालू करायचीय, पण जुन्या रंगाला हात न लावता

नातू_बार्शीचा

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून.

आजोबा बार्शीत डॉक्टर होते. त्यांची फियाट ११००, आपल्याकडे डुक्कर फियाट म्हणतात ती, पुढची दारं उलटी उघडणारी. नोंदणी १९५९ची, म्हणजे महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीची, प्लेटवर अजून मुंबई राज्याच्या वेळची अक्षरं आहेत, हाताने रंगवलेली. १९८७-८८च्या सुमारास आजोबांनी गाडी चालवणं सोडलं आणि तेव्हापासून ती वाड्याच्या मागच्या पडवीत उभी आहे, वर पत्रे, खाली शहाबादी फरशी. बार्शीकडे पाऊस कमी त्यामुळे बॉडी बऱ्यापैकी टिकलीय असं मला वाटतंय. टायर बसलेत, मागच्या सीटखाली उंदरांनी घर केलंय, टाकीच्या झाकणाला नाक लावलं तर वार्निशसारखा वास येतो.

रंग मूळचा फिकट निळा. टपावर उडून जवळजवळ पांढरा झालाय, बॉनेटवर मधे मधे खालचा प्रायमर दिसतो आणि कडांना तपकिरी गंज आलाय, पण वरवरचा. ड्रायव्हरच्या खिडकीच्या कडेला जिथे आजोबा कोपर टेकवायचे तिथे रंग घासून पत्रा उघडा पडलाय. काचेच्या कोपऱ्यात डॉक्टरचं लाल फुलीचं स्टिकर आहे, ते अर्धं सुटलंय. मागच्या मडगार्डला एक पोचा आहे, तो बाजाराच्या दिवशी बैलगाडीचं जू लागून पडलेला, आणि तो कधी कसा पडला हे गल्लीतले म्हातारे लोक अजून सांगतात. मला हे सगळं असंच ठेवायचंय. इथल्या गॅरेजवाल्यांनी एकच सांगितलं, पूर्ण डेंटिंग पेंटिंग करू, शोरूमसारखी करून देतो. मला शोरूमसारखी नकोय, मला आजोबांची पाहिजे.

तर विचारायचं हे की इतकी वर्षं उभी असलेलं इंजिन कुठून सुरू करायचं, रंग आणि गंज आहे त्या अवस्थेत धरून ठेवता येतो का, आणि गाडी पुढे ठाण्याला माझ्याकडे आणायचीय तर तिथल्या हवेत काय होईल. कोणी केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, घाई अजिबात नाहीये.

सांगलीचा_पाना

नातूभाऊ, सगळ्यात आधी काय करू नका ते सांगतो. बॅटरी लावून सेल्फ मारू नका, दोरी बांधून टोचन करून गिअरमध्ये टाकून चालू करायला जाऊ नका. अशा गाड्या उभ्या असताना मरत नाहीत, चालू करायच्या पहिल्या तासाला मरतात. सिलिंडरमध्ये रिंगा चिकटलेल्या असतात, एखादा व्हॉल्व अडकलेला असतो, आणि उत्साहात सेल्फ मारला की रिंग तुटते नाहीतर पुशरॉड वाकतो.

चारही प्लग काढा. काढतानासुद्धा जोर नको कारण या इंजिनचं हेड अल्युमिनियमचं आहे आणि आटे प्लगबरोबर बाहेर येतात, आदल्या दिवशी बुडाशी गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. मग प्रत्येक भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं निम्मं करून थोडं थोडं सोडा आणि आठवडाभर तसंच राहू द्या, मधून मधून परत घाला. तोवर वरचं रॉकर कव्हर उघडून बघा, उंदीर तिथंपर्यंत जात नाहीत पण चिकट काळा थर असतो, रॉकरवर तेल सोडा. आठवड्याने पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून हाताने हलवून बघा, आधी जरा पुढे, मग जरा मागे. हलली तर उत्तम, नाही हलली तर अजून तेल आणि अजून वेळ, पान्याला पाइप लावून ताकद करायची नाही. एकदा पूर्ण फिरायला लागली की रॉकरकडे बघत हळूहळू फिरवा, आठही व्हॉल्व खाली जाऊन वर येतायत ना ते मोजा. एखादा खालीच राहिला तर थांबा, पिस्टन वर येऊन त्याला धडकेल.

इंजिनच्या खाली तेल साठतं त्या चेंबरचा बूच अगदी हळू सैल करा. पाणी असेल तर ते तेलाच्या आधी खाली येतं, नीट बघा. मग चेंबरच खाली उतरवा, नुसतं तेल बदलून भागत नाही, तळाशी डांबरासारखा गाळ बसलेला असतो आणि आजचं तेल तो गाळ सोडवून थेट तेलपंपाच्या जाळीत नेऊन घालतं. जाळी धुवा, चेंबर धुवा, नवीन पॅकिंग टाका, २०डब्ल्यू-५० ग्रेडचं इंजिन ऑइल भरा. मग प्लग न लावता सेल्फवर फिरवायचं, तेही तेलाचं प्रेशर वर येईपर्यंतच.

पेट्रोलची टाकी उतरवाच. आतलं जुनं पेट्रोल सुकून चिकट झालेलं असतं, ते पाइपातून कार्ब्युरेटरमध्ये गेलं की जेट बंद. पहिल्यांदा चालू करताना टाकीचा संबंधच ठेवू नका, छोट्या बाटलीतून ताजं पेट्रोल द्या, बाटली इंजिनपासून लांब बांधा आणि शेजारी आग विझवायचं सिलिंडर घेऊन माणूस उभा करा. डायफ्रामचा पेट्रोल पंप आणि सगळे रबरी होज नवीन टाका. आता पंपावर जवळपास सगळीकडे ई-२० पेट्रोल आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल, त्या काळच्या रबराला ते मानवत नाही, फुगतं नाहीतर फाटतं. व्हिटॉन रबराचे होज मिळतात ते घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी पण ओढतं, ते टाकीच्या तळाला बसून आतून गंज धरतो, म्हणून गाडी महिनोनमहिने उभी ठेवताना टाकीत पेट्रोल ठेवू नका. शिसेवालं पेट्रोल तर फेब्रुवारी २००० पासून देशभर बंदच आहे, त्याची फार काळजी करू नका, अल्युमिनियमच्या हेडमध्ये व्हॉल्वच्या सीट वेगळ्या बसवलेल्या असतात, रमतगमत चालवलीत तर काही होत नाही.

वायरिंगला कापडाचं वेटोळं असेल, उंदरांनी कुरतडलेलं. बॅटरी थेट जोडायची नाही, मधे बारा व्होल्टचा एक मोठा बल्ब सिरीजमध्ये लावायचा. सगळे स्विच बंद असताना बल्ब पेटला तर कुठेतरी वायर बॉडीला लागलीय, ती सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. बॅटरीला कटऑफ स्विच कायमचा लावून टाका. डेल्कोमधले (प्लगला करंट वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर) पॉइंट बारीक कानशीने घासा, कंडेन्सर नवीन टाका, फार महाग नसतो.

आणि हे सगळं व्हायच्या आधी ब्रेक. इंजिन चालू झालं की माणसाला राहवत नाही, गल्लीत एक चक्कर मारतोच, आणि ब्रेक नसतात. चारही चाकांना ड्रम आहेत. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, रबरी नळ्या सगळं उघडायचं, किट नवीन टाकायचं, सिलिंडर आतून खड्डे पडलेले असतील तर सिलिंडरच बदलायचा. लोखंडी पाइप बाहेरून चांगला दिसतो पण ब्रेक ऑइल पाणी ओढतं त्यामुळे तो आतून खाल्लेला असतो, तोही नवीन. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, त्या काळच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. तुम्हाला रंग जपायचाय म्हणून मुद्दाम सांगतो, ब्रेक ऑइलचा एक थेंब जरी बॉडीवर पडला तरी रंग उकलतो. बादलीभर पाणी जवळ ठेवून काम करा, पडला की लगेच पाणी ओता, पुसत बसू नका.

टायर पाचही बदला. नक्षी शाबूत असली तरी रबर मेलेलं असतं, रस्त्यावर फुटतात.

मेधा_पुणे

नातू, मी धातूच्या जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करते, गाड्यांचं नाही, पण पत्रा, रंग आणि गंज यांचं वागणं सगळीकडे सारखंच असतं म्हणून लिहितेय.

पहिलं काम फोटो. धूळ पुसायच्या आधीचे. सगळ्या बाजूंनी, दारांच्या कडा, बॉनेटच्या आत, सीटखाली, डिकीत, डॅशबोर्डच्या कप्प्यात काय काय आहे ते जसं आहे तसं. उंदरांच्या घरट्यात सुद्धा कागदाचे तुकडे सापडतात, फेकण्याआधी बघा. आजोबांच्या चिठ्ठ्या, पेट्रोलच्या पावत्या असतील तर त्या गाडीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. घरट्याला हात लावताना मात्र मास्क आणि हातमोजे घाला, आधी जंतुनाशक पाण्याने ओलं करा, उंदरांच्या घाणीतून आजार होतात.

आता धूळ. कोरड्या फडक्याने पुसायची नाही, इतक्या वर्षांची धूळ म्हणजे वाळूच असते आणि तुमचा रंग आधीच पातळ झालाय. आधी मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने सुटी धूळ ओढून घ्या, मग साध्या पाण्याची हलकी धार, प्रेशर वॉशर अजिबात नको, मग सौम्य शाम्पू. कबुतरांची विष्ठा वाळलेली असेल तर त्यावर ओला कापूस ठेवून मऊ होऊ द्या, खरवडू नका.

रंग कुठल्या जातीचा आहे ते आधी ठरवा. डिकीच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्यावर जरासं थिनर घेऊन टेकवा. रंग लगेच विरघळून बोळ्यावर आला तर तो नायट्रोसेल्युलोज, नाही आला तर भट्टीत भाजलेला एनॅमल असण्याची शक्यता जास्त. नायट्रोसेल्युलोज असेल तर पुढे कुठलंही पॉलिश, क्लीनर निवडताना त्यात काय सॉल्व्हंट आहे ते बघावं लागेल. रबिंग कंपाउंड दोन्हीत टाळा. ते रंग चमकवत नाही, वरचा थर काढतं, आणि तुमच्या टपावर काढायला थरच उरलेला नाही.

गंजाबद्दल. गंज दोन तऱ्हेचा असतो, एक पृष्ठभागावरचा घट्ट बसलेला तपकिरी थर, बोटाने चोळला तर फारसा सुटत नाही. दुसरा पापुद्र्याने सुटणारा, खाली पत्रा खात जाणारा. पहिला ठेवता येतो, दुसरा ठेवायचा म्हटलं तर काही वर्षांनी ठेवायला पत्राच राहणार नाही. सुटा भाग मऊ पितळी ब्रशने आणि हाताने काढा, सँडपेपर नको. आणि कोरडं घासायचं नाही, त्या काळच्या प्रायमरमध्ये शिसं असायचं, ती पूड श्वासात जायला नको.

बाजारात गंज काळा करणारी द्रावणं मिळतात, टॅनिक अॅसिडची, फॉस्फोरिक अॅसिडची. ती काम चांगलं करतात पण तपकिरी रंग निळसर काळा होतो. दिसणाऱ्या भागावर वापरलीत तर तुम्हाला जे जपायचंय तेच बदलून जाईल. खालच्या बाजूला, आतल्या बाजूला खुशाल वापरा.

वरून काय लावायचं, तर मेण. मायक्रोक्रिस्टलाइन मेण संग्रहालयात वापरतात, ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५०च्या दशकात ते तयार झालं, रेनेसान्स वॅक्स नावाने मिळतं. बोटभर घेऊन पातळ थर द्यायचा, सुकलं की मऊ कापडाने हलकं पुसायचं. रंगाला थोडी खोली येते, गंजाचा रंग जरा गडद दिसतो, पाणी आत जात नाही, आणि पुढे कधी नको वाटलं तर व्हाइट स्पिरिटने निघतं. हे निघणं फार मोलाचं आहे. पुष्कळ लोक जवसाचं उकळलेलं तेल लावा म्हणतील, छान दिसतं खरं, पण ते सुकून कडक होतं, पिवळं पडतं, धूळ धरतं आणि नंतर काढता येत नाही. तरी कोणी वापरलंच तर त्याची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात, पाण्यात बुडवून ठेवा.

गंजावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लॅकरचा थर, मात्र कोणी कितीही सांगितलं तरी मारू नका. सुरुवातीला सुंदर दिसतो, मग कडेने ओल आत शिरते, खाली गंज चालूच राहतो आणि वरचा थर पापुद्रे होऊन सुटतो, तेव्हा तो मूळचा रंग बरोबर घेऊन जातो.

काचेवरच्या लाल फुलीच्या स्टिकरला आतून मऊ ब्रशने पाण्यात विरघळणारा सौम्य डिंक द्या आणि बोटाने हलकं दाबा. सेलोटेप लावू नका.

चकाचक_कोल्हापूर

मला हे पटत नाही, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. माझे वडील गाड्यांचे पेंटर होते, हाताने घासून घासून रंगाला आरशासारखी झळाळी आणायचे, एका गाडीला महिना जायचा. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी निघाली तेव्हा चकाकत निघाली. डॉक्टरसाहेबांनी गाडी घेतली तेव्हा ती बघायला गल्ली जमली असेल, ते चकाकणाऱ्या गाडीसाठी. ते स्वतः चालवत होते तोवर रोज फडकं मारत असणार. मग आज तिला विटलेल्या रंगात, गंजलेल्या कडांत ठेवणं म्हणजे त्यांच्या हौसेचा मान राखणं आहे का? ज्या कारागिरांनी तिला रंग दिला त्यांचं काम परत उभं करणं हाही मानच आहे. चांगला पेंटर असेल तर तोच फिकट निळा जुळवून देईल. गंज हा गंजच असतो, त्याला आठवण म्हणून जपायचं म्हणजे मला तरी बरं वाटत नाही.

मेधा_पुणे

चकाचक, तुमच्या वडिलांच्या कामाबद्दल आदर आहे, आणि तसं काम करणारे हात आता फार थोडे उरलेत हेही खरंय. पण नातूच्या गाडीवर जो रंग आहे तो त्या कारखान्यातल्या माणसांनी मारलेला आहे, तोच, साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा. आज कितीही कुशल पेंटरने मारला तरी तो आजचा रंग असेल. नवा रंग पुढच्या वर्षी मारता येईल, नातूच्या मुलीला वाटलं तर तिलाही मारता येईल. आज खरवडला तर जुना कोणालाच परत आणता येणार नाही. जुन्या गाड्यांच्या फिवा या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ साली ट्यूरिन सनद म्हणून जी तत्त्वं ठरवली त्यातही जतन आधी आणि नव्याने घडवणं नंतर असाच क्रम आहे. फियाटचं गाव ट्यूरिनच, हे मला उगाच छान वाटतं.

डबल_डिक्लच

कारखान्याचा विषय निघाला म्हणून राहवत नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारे वालचंद हिराचंद मूळ सोलापूरचे, जन्म १८८२. म्हणजे गाडी आपल्या जिल्ह्यातच उभी होती म्हणायचं. कंपनी १९४४ची, आधी क्रायस्लरच्या डॉज-प्लिमथ जोडायचे आणि फियाट ११०० नंतर सुरू झाली. वालचंद १९५३ मध्ये गेले, तुमच्या गाडीचं हे मॉडेल इटलीत आलं त्याच वर्षी.

मुद्द्याचं सांगतो, सुटे भाग. इंजिन १०८९ सीसीचं, आणि पुढे प्रीमियर पद्मिनीतही त्याच घराण्याचं तेवढ्याच सीसीचं इंजिन आलं, त्यामुळे गॅस्केट, ब्रेकची किटं, पाण्याचा पंप यातलं बरंच पद्मिनीचं बघून जुळवता येतं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, त्यांचं सामान कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे अजून निघतं. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथेही फेरी मारा. कायम जुना भाग हातात घेऊन जा, नुसतं नाव सांगून आणलेली वस्तू बसत नाही. टायर ५.२०-१४ साइज. आणि काढलेला एकही जुना भाग भंगारात देऊ नका, मूळ पंप, मूळ होजच्या क्लिपा, सगळं चिठ्ठी लावून खोक्यात ठेवा.

पुढची काच, लाइटची रिंग, ढालीवरची अक्षरं, दाराच्या कड्या यांना पद्मिनीचं काही लागत नाही, ते सगळं डुक्करचं वेगळं आहे. ते फुटू देऊ नका एवढंच. क्रोम परत करायला देऊ नका, अल्युमिनियमची फॉइल पाण्यात भिजवून हलक्या हाताने चोळली तरी बंपरवरचे गंजाचे ठिपके बरेच जातात.

नातू_बार्शीचा

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार बार्शीला जाऊन आलो. फोटो काढले, दोनशेच्या वर झाले असतील. मागच्या सीटखाली खरंच आजोबांच्या अक्षरातल्या औषधाच्या चिठ्ठ्या निघाल्या, कुरतडलेल्या, पण वाचता येतायत. आईने त्या वाचल्या तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

प्लग निघाले, आटे शाबूत आहेत. तेल सोडून ठेवलंय, पुढच्या फेरीला फिरवून बघतो.

पण एक अडचण दिसतेय. गाडीखाली आडवं होऊन स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघितलं तर डाव्या बाजूला, दोन्ही दारांच्या मधे, दाराखालचा पत्र्याचा जो लांब बॉक्स आहे तिथे स्क्रू ड्रायव्हर आत गेला. हाताच्या पंजाएवढी जागा मऊ आहे. बाहेरून बघितलं तर काही कळत नाही, रंग तसाच आहे. त्या बाजूचं पुढचं दार जरा खाली बसलंय ते त्यामुळेच का? हेही आहे तसं ठेवून चालेल का, का कापावंच लागेल?

सांगलीचा_पाना

कापावं लागेल. इथं तडजोड नाही.

या गाडीला अँबेसेडरच्या आधीच्या काळातल्या मोटारींसारखी खाली वेगळी चासी नाहीये, बॉडी हीच चासी. ते दाराखालचे दोन बॉक्स गाडीचं वजन धरतात. त्यात डुक्करची पुढची दारं उलटी उघडतात, म्हणजे पुढचं आणि मागचं दोन्ही दारं मधल्या एकाच खांबावर टांगलेली, आणि तो खांब उभा आहे नेमका तुम्हाला मऊ लागलेल्या जागी. दार बसलंय ते त्यामुळेच. वरची कातडी जशी आहे तशी ठेवा, पण हाड कुजलेलं ठेवून रस्त्यावर जायचं नाही, स्वतः आणि दुसऱ्याच्या जिवाशी खेळ होतो.

आता हे रंग न घालवता होतं, फक्त वेल्डर समजूतदार पाहिजे. जॅक मऊ जागेखाली लावायचा नाही. आधी दारं बंद असताना चारही बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवायच्या आणि आतून दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाकून चौकट बांधून घ्यायची, नाहीतर बॉक्स कापला की खांब सरकतो आणि मग दार कधीच बसत नाही. काम खालून करायचं. खालची आणि आतली भिंत कापून नवीन पत्रा बसवायचा, बाहेरची रंगवलेली बाजू शक्य तेवढी तशीच ठेवायची. सलग वेल्डिंग ओढायचं नाही, टाक्याने टाका, एक इथं एक तिथं, आणि बाहेरच्या बाजूला ओलं फडकं धरून माणूस उभा पाहिजे म्हणजे रंग जळत नाही. कार्पेट, सीट, पेट्रोलची टाकी सगळं काढूनच. वरून लांबी (पुट्टी) भरून चालढकल करणारा वेल्डर असेल तर त्याला गाडी दाखवू पण नका. सगळं झालं की बॉक्सच्या आतून पातळ मेण फवारायचं आणि खालची पाणी जायची भोकं मोकळी ठेवायची. बऱ्याच गाड्यांत ती भोकं मातीने बुजलेली असतात, गंज तिथूनच सुरू होतो. उजवी बाजू पण टोचून बघा, मजला, मागच्या स्प्रिंगा जिथं बॉडीला बसतात ती जागा, सगळं.

मेधा_पुणे

पान्यांशी पूर्ण सहमत. एकच जोडते. नवीन बसवलेला पत्रा जुना भासवू नका, मिठाचं पाणी मारून गंज आणणं, रंग खरवडणं असलं काही नको. खालची बाजू आहे, साधा प्रायमर आणि जवळपासचा फिकट रंग मारा, दुरुस्ती कुठे झाली ते बघणाऱ्याला कळलं तरी बिघडत नाही. काम कधी केलं, काय बदललं याची वही ठेवा.

रत्नांग्रीचो

ठाण्याच्या हवेबद्दल विचारलेलंत ते कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे कोकणात लोखंडाचं काय होतं ते रोज बघतो. बार्शीला हवा कोरडी म्हणून तुमचा गंज इतकी वर्षं झोपून आहे. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर गेली की तो जागा होतो, आणि ठाण्याला खाडी आहे, पावसाळ्यात तर नव्वदच्या घरात जाते. शिवाय खारी हवा. मीठ पत्र्यावर बसलं की ते स्वतःच ओल धरून ठेवतं.

म्हणून गाडी आणायची तर पावसाळ्यानंतर आणा, म्हणजे पहिले काही महिने बघायला मिळतील. येताना चालवत आणू नका, फ्लॅटबेडवर झाकून आणा. ठाण्यात उघड्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकचं कव्हर टाकून ठेवणार असाल तर त्यापेक्षा बार्शीलाच असू दे. प्लास्टिकखाली घाम सुटतो, रोज रात्री पाणी साचतं. कापडी, हवा जाणारं कव्हर, आणि बंद गॅरेज मिळालं तर एक डीह्युमिडिफायर, पन्नासच्या आसपास ठेवायचा. मातीच्या किंवा ओल सुटणाऱ्या सिमेंटच्या जमिनीवर उभी करू नका, खाली जाड प्लास्टिक अंथरा, कव्हर म्हणून नको पण जमिनीवर चालतं. दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर मेणाचा हात. सगळ्यात जास्त लक्ष काचांच्या रबराखाली, तिथलं पाणी दिसत नाही.

माझं प्रामाणिक मत, गाडी बार्शीलाच ठेवून तुम्ही सुटीला जाऊन चालवलीत तर रंग जास्त टिकेल. पण आठवड्यातून एकदा दार उघडून बसायला मिळणं यालाही किंमत आहे, ते तुमचं तुम्ही ठरवा.

डबल_डिक्लच

कागदपत्रांचं राहिलं. आरसी आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसा हक्काने बदली, फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागेल. त्यानंतर व्हिंटेज नोंदणी. केंद्राने जुलै २०२१ मध्ये नियम काढलेत, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज धरली जाते, फक्त चासी, बॉडी, इंजिन यात मोठा फेरबदल झालेला नको. तुम्ही जे करताय ते या अटीत नीट बसतं, पॅच मारणं म्हणजे बॉडी बदलणं नव्हे. नवीन नोंदणी असेल तर २०,००० रुपये फी आणि व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, पण आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो, म्हणजे तुमची मुंबई राज्याची अक्षरं राहू शकतात. नोंदणी दहा वर्षं चालते, फेरनोंदणी ५,००० रुपये. एक लक्षात घ्या, व्हिंटेज म्हणून नोंदली की रोज ऑफिसला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, अशासाठीच रस्त्यावर काढता येते. आरटीओत जाण्याआधी इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीशी जुळतो का ते बघा आणि त्या पाट्यांवर कोणाला ब्रश मारू देऊ नका.

नातू_बार्शीचा

आरसी सापडली, आजीच्या ट्रंकेत होती, दोन्ही नंबर जुळतात. उजवी बाजू टोचून बघितली, घट्ट आहे. मजल्याला ड्रायव्हरच्या पायाखाली एक नाण्याएवढं भोक आहे फक्त.

आणि इंजिन फिरलं. पाना लावल्यावर आधी काहीच नाही, मग जरासं मागे गेलं, परत तेल सोडून रात्रभर ठेवलं आणि सकाळी पूर्ण फेरा झाला. आठही व्हॉल्व हलतायत, तिसऱ्या सिलिंडरचा एक जरा सुस्त वर येतो. तो असाच चालेल का हेड काढू?

चकाचक भाऊ, रंगाचं तुमचं म्हणणं मी घरी वाचून दाखवलं. आईचं म्हणणं पडलं की आजोबा रोज फडकं मारायचे हे खरंय, पण तिला आठवते ती गाडी आधीपासूनच विटकी, खिडकीपाशी घासलेली. म्हणून रंग ठेवतोय. दाराच्या कडीच्या खालचे क्रोम तेवढे तुमच्या वडिलांच्या पद्धतीने हाताने साफ करायचे आहेत, कसं करायचं ते सांगाल का?

सांगलीचा_पाना

हेड आत्ता काढू नका, अल्युमिनियमचं हेड इतकी वर्षं बिडाच्या ब्लॉकवर बसलंय, स्टडला धरलेलं असतं, ओढताना चिरतं. त्या व्हॉल्वच्या दांडीवर रोज थोडं पातळ तेल सोडत हाताने फिरवत राहा, बहुतेक सुटेल. रेडिएटर आणि ब्लॉकमधला गाळ मात्र आत्ताच धुऊन घ्या, आधी साधं पाणी उलट्या बाजूने. पहिल्यांदा चालू झालं की वीसेक मिनिटं चालवा, रेडिएटरच्या काट्यावर आणि तेलाच्या प्रेशरवर नजर ठेवा, आणि तेल गरम असतानाच परत काढून टाका.

चकाचक_कोल्हापूर

सांगतो की. क्रोमवर कोरडं काही घासायचं नाही. चार शून्याची स्टील वूल मिळते, एकदम बारीक, ती मशीन ऑइलमध्ये बुडवून गोल गोल न फिरवता एकाच दिशेने हलक्या हाताने. ठिपके गेले की तेल पुसून घ्या आणि ताईंनी सांगितलेलं मेणच लावा. कडीच्या भोवतीच्या रंगाला आधी कागदी टेप लावा, पण टेप काढताना जुना रंग उचलला जाऊ नये म्हणून आधी ती टेप कपड्यावर दोनदा चिकटवून तिचा जोर कमी करून घ्या. आईंनी सांगितलेलं वाचलं. ठेवा मग तसाच रंग.